रोज पाणी घालूनही रोप मेलं? कुंडी घेऊन या

गेल्या पावसाळ्यात एक काकू मिरचीची कुंडीच उचलून नर्सरीत घेऊन आल्या. "रोपच फुसकं दिलंत. मी सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घातलंय." कुंडी त्यांच्यासमोरच पालथी केली. वरची माती छान भुसभुशीत, तळाला चार बोटं नुसता चिखल, गटारासारखा वास. मुळं तपकिरी पडलेली, चिमटीत धरली की साल सुटून हातात. काकू म्हणाल्या, "म्हणजे मीच बुडवलं की!"

अशा कुंड्या दर आठवड्याला येतात, म्हणून हे पत्रक.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत ओली राहिली की मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, आणि पानं माना टाकतात. आपल्याला वाटतं तहान लागली, आपण आणखी एक तांब्या ओततो. तेव्हा पान बघून पाणी घालू नका, माती बघून घाला. बोट दोन पेरं आत खुपसा. ओलं लागलं, माती बोटाला चिकटली, तर आज सुट्टी. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून पाणी निथळेपर्यंत घाला. रोज अर्धा कप शिंपडणं म्हणजे वरची माती ओली आणि खालची मुळं कोरडी. मे महिन्यात लहान कुंडीला दोन्ही वेळा पाणी लागेल, जुलैत कदाचित आठवडाभर लागणार नाही. उन्हाळ्यात भर दुपारी टोमॅटोची पानं लोंबतात, ती संध्याकाळी आपोआप उभी राहतात. त्यांना तेवढा वेळ द्या.

कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी लगेच ओतून टाका. मुळं तर कुजतातच, शिवाय डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतात.

आमची माती महाग असते, असं काही जण म्हणतात. सोसायटीच्या आवारातली काळी माती फुकट मिळते, हे खरं. पण कुंडीत ती दगडासारखी बसते, वाळली की कडेने भेगा पडतात आणि पाणी त्या भेगांतून सरळ खाली जातं. आम्ही दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठभर निंबोळी पेंड घालून देतो. घरी कालवायचं असेल तर प्रमाण हेच ठेवा, आमची काही हरकत नाही. तळाच्या भोकावर करवंटीचा तुकडा मात्र विसरू नका. मातीची कुंडी घेतलीत तर जास्तीचं पाणी अंगानेही सुकतं. नवशिक्यांना आम्ही तीच देतो, जड असली तरी.

मेलेलं रोप बदलून देत नाही, यावर काहींचा राग आहे. आमच्याकडून निघताना रोप धडधाकट असतं, पुढचं पाणी आमच्या हातात नाही. पण कुंडी आणलीत तर कारण फुकट शोधून देतो, वाचण्यासारखं असेल तर नवी माती भरून देतो. पैसे फक्त मातीचे.

सुरुवात मेथीने करा. पसरट ट्रे चालतो, तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात भाजी. कोथिंबिरीला धणे आधी हलके रगडून दोन फाकी करा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर "बी खराब आहे" म्हणून फोन करू नये, ही विनंती. पुदिना तर बाजारातल्या जुडीच्या काड्या खोचल्या तरी लागतो, त्यासाठी आमच्याकडे यायचीही गरज नाही. टोमॅटो, मिरची, वांग्याला मात्र निदान बारा इंची कुंडी आणि पाच-सहा तास थेट ऊन हवं. तेवढं ऊन नसेल तर आम्हीच ही रोपं विकत नाही, अळू नाहीतर पुदिना सुचवतो.

येताना सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता काढलेले बाल्कनीचे तीन फोटो मोबाइलमध्ये आणा. ऊन कुठपर्यंत येतं ते पाहूनच रोप देऊ.