जबड्याचं दुखणं आणि ताटातले रेणू

जबड्याचा सांधा सुजला की दुखणं सांध्यापुरतं राहत नाही. कान ठणकतो, कानशील भरून येतं, कधी तर चांगली धडधाकट दाढ काढायची वेळ आली असं वाटतं. दात, सायनस, जबडा, गाल या सगळ्यांच्या वेदना ट्रायजेमिनल नावाच्या एकाच नसेच्या तीन शाखांतून येतात आणि मेंदूच्या बुंध्यात एकाच ठिकाणी गोळा होतात. सूज रेंगाळली की तिथल्या चेतापेशी जरुरीपेक्षा जास्त हळव्या होतात आणि नेमकं कुठलं दार वाजतंय तेच मेंदूला कळेनासं होतं.

सुजलेल्या जागी कॉक्स-२ हे एन्झाइम पेशींच्या आवरणातल्या अॅराकिडोनिक आम्लापासून (हे एक मेदाम्ल) प्रोस्टाग्लँडिन बनवतं. हा रेणू नसेच्या टोकावरच्या सोडियम वाहिन्यांना, म्हणजे वेदनेचा संदेश सुरू करणाऱ्या दारांना, इतकं उतावीळ करतो की साधी पोळी चावणंही दुखण्यात जमा होतं. आयबुप्रोफेन नेमकं कॉक्सला अडवतं. खाण्यातले काही रेणूही याच वाटेवर काम करतात. जपानमधल्या अझाबू विद्यापीठात मामोरू ताकेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या ट्रायजेमिनल यंत्रणेवर असे बरेच प्रयोग केले आहेत. द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेरॅट्रॉल, माशांतलं डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल, पालेभाज्यांतलं ल्युटीन, सोयाबीनमधले आयसोफ्लेव्होन यांनी वेदनावाहक पेशींकडून होणारा संदेशांचा मारा कमी होतो, असं त्यांत दिसलं.

म्हणून लगेच द्राक्षं आणायला धावू नये. रेझव्हेरॅट्रॉल त्या उंदरांना शिरेतून दिलं होतं. लाल वाइनमध्ये ते लिटरला जेमतेम दोन-चार मिलिग्रॅम असतं. शंभर मिलिग्रॅम मिळवायचे तर काही डझन बाटल्या लागतील आणि तोवर यकृत वेगळीच तक्रार मांडेल. अशा बातम्या वाचताना आपण तीन प्रश्न विचारावेत: मात्रा किती, रक्तात पोचतं किती आणि परिणामाला वेळ किती?

हळदीला हेच लावून बघू. हळदीत वजनाच्या साधारण तीन टक्के कर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा गुणकारी घटक, असतं. अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळद दुधात घातली तर पोटात पंचेचाळीस मिलिग्रॅम गेलं. सांधेदुखीच्या चाचण्यांत सहसा दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या आसपास देतात. शिवाय ते पाण्यात विरघळत नाही आणि जे शोषलं जातं त्याची आतडं व यकृत लगेच विल्हेवाट लावतात. १९९८ साली बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत वीस मिलिग्रॅम पायपरीन (काळ्या मिऱ्यातलं तिखट द्रव्य) दिलं, तेव्हा माणसांच्या रक्तातलं प्रमाण वीसपट झालं. वीस मिलिग्रॅम पायपरीन म्हणजे सात-आठ काळे मिरे, ही काही अवघड गोष्ट नाही. पण दोन ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम हळद! म्हणून हळदीचं दूध आवडीने प्यावं, थोडं तूप आणि मिरपूड घालून प्यावं, पण त्याला वेदनाशामक समजू नये.

मिऱ्याचीही एक अडचण आहे. पायपरीन यकृताचं काम मंदावतं, ते काही औषधांच्या बाबतीतही. चेहऱ्यात विजेसारखी कळ मारणाऱ्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियावर कार्बामॅझेपीन देतात (ते दुखणं सुजेचं नव्हे, नसेचं). पायपरीनमुळे या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि ते जास्त झालं तर चक्कर येते, तोल जातो. आमटीतल्या चिमूटभर मिरपुडीने काही होणार नाही. पायपरीन घातलेल्या कर्क्युमिनच्या गोळ्या मात्र अशा रुग्णांनी डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनीही.

ओमेगा-३ चं गणित जास्त जमतं. ईपीए आणि डीएचए ही माशांतली दोन ओमेगा-३ मेदाम्लं पेशींच्या आवरणात अॅराकिडोनिक आम्लाची जागा घेतात, म्हणजे प्रोस्टाग्लँडिनचा कच्चा मालच घटतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत मायग्रेनच्या १८२ रुग्णांचा आहार सोळा आठवडे बदलला होता. दिवसाला दीड ग्रॅम ईपीए-डीएचए मिळणाऱ्या गटात डोकेदुखीचे दिवस महिन्याला दोनने कमी भरले आणि सोबत लिनोलेइक आम्लही (खाद्यतेलांतलं ओमेगा-६ मेदाम्ल, ज्यापासून शरीर अॅराकिडोनिक आम्ल बनवतं) कमी केलेल्या गटात चारने. मायग्रेन म्हणजे जबडादुखी नव्हे, पण नस तीच आहे.

आता हे ताटात कसं आणायचं? तारली, बांगडा असे तेलकट मासे आठवड्यातून तीनदा, कालवण करून. सूर्यफुलाच्या किंवा करडईच्या तेलात कुरकुरीत तळले तर एका हाताने दिलं ते दुसऱ्याने काढून घेतलं, कारण या तेलांत निम्म्याहून जास्त लिनोलेइक आम्ल असतं. खोबरेल तेलात ते अगदी थोडं, शेंगदाणा तेलात मध्यम. शाकाहारी मंडळींना जवस आहे, पण त्यातल्या ओमेगा-३ चं डीएचए शरीरात फारच थोडं होतं. तरी रोज एक मोठा चमचा चटणी खायला हरकत नाही. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा आणि बारीक कुटा. अख्खे दाणे जसेच्या तसे बाहेर पडतात, आणि दुखऱ्या जबड्याने ते चावायचे तरी कसे? कूट आठवड्याला पुरेल एवढाच करून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. खवट वास आला तर टाकून द्या. फरक पडायचा तर दोन-तीन महिने लागतात. आठवड्यात कंटाळून सोडलं तर काहीच कळणार नाही.

लवंगेची गोष्ट वेगळी, कारण ती थेट दुखऱ्या जागी लावता येते. लवंगेच्या तेलात मुख्यत्वे युजेनॉल असतं आणि ते नसेच्या सोडियम वाहिन्या अडवतं. दंतवैद्य तात्पुरत्या भरणीसाठी झिंक ऑक्साइडसोबत तेच वापरतात. घरी लावायचं तर एक थेंब लवंग तेल चार-पाच थेंब खोबरेल तेलात मिसळा, कापसाच्या बोळ्याने किडलेल्या खड्ड्यात टेकवा आणि मिनिटभराने बोळा काढा. निव्वळ तेलाचा बोळा रात्रभर दाबून ठेवला तर हिरडी भाजून पांढरी पडते. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. चमचा-दोन चमचे तेल गिळलेल्या लहान मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

दाढेच्या मुळाशी पू झाला असेल तर यातलं काहीही त्याला हटवत नाही. ताप, डोळ्याकडे किंवा हनुवटीखाली पसरणारी सूज, तोंड न उघडणं, गिळायला त्रास, यांतलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दाढ काढायची ठरली असेल तर कर्क्युमिनच्या किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल चालू आहेत हे दंतवैद्यांना आधीच सांगा. त्या किती दिवस आधी बंद करायच्या ते तेच ठरवतील.