पार्श्वभूमी : क्लॅरेंडन आणि तीन वर्षांची मालकी

जाड, चौकोनी सेरिफचे (रेषांच्या टोकांना आडव्या पट्ट्या असलेले) अक्षर म्हटले की डोळ्यांपुढे पोस्टर येते. पण या कुळातले सर्वांत टिकाऊ अक्षर, क्लॅरेंडन, पोस्टरसाठी घडलेलेच नाही. 1845 मध्ये लंडनच्या एका टाइप फाउंड्रीने, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने, ते काढले, ते कोशासारख्या मजकुरात नोंदीचा शब्द साध्या टाइपाशेजारी उठून दिसावा म्हणून. 1815 च्या सुमारापासूनची स्लॅब, म्हणजे अशा जाड सेरिफची, अक्षरे जाहिरातीची होती, ठोकळ्यासारखी. क्लॅरेंडनचे सेरिफ अक्षराच्या दांड्याला वळण घेऊन मिळतात आणि जाड-बारीक रेषांतला फरक टिकतो. मोठ्या ‘आर’चा पाय खाली येऊन टोकाशी वर मुरडतो, तर लहान ‘ए’ आणि ‘सी’च्या टोकांना भरीव गोळे आहेत.

वाद आहे तो नोंदणीचा. फाउंड्रीने हे अक्षर 1842 च्या नक्षीविषयक कायद्याखाली नोंदवले. धातूच्या वस्तूवरील नक्षीला त्यात 3 वर्षांचे संरक्षण होते आणि खिळा धातूचा, म्हणून त्यालाही तेवढेच. पंच (अक्षराचे पोलादी ठसे) कोरायचे, त्यांनी मातृका (ओतण्याचे साचे) ठोकायच्या, एकेका आकाराचा संच ओतायचा. त्या कष्टांपुढे ही मुदत तुटपुंजीच होती. ती संपताच नकलांचा पूर आला, अशी फाउंड्रीची तक्रार होती. यावर हरकत अशी की, त्याच दशकात दुसऱ्या एका फाउंड्रीचे ‘आयोनिक’ जवळपास याच अंगाचे होते, मग मालकी कसली? हरकतीत तथ्य आहे. तरीही मजकुराच्या ओळीत नांदेल असे ठळक अक्षर नीट विचाराने बाजारात आणले ते याच फाउंड्रीने, आणि तिच्यावर अन्याय झाला हे मान्य करायला हवे. नकला इतक्या झाल्या की इंग्लंडच्या छापखान्यांत कुठल्याही ठळक टाइपाला क्लॅरेंडन म्हणू लागले.

अमेरिकेत 1827 पासून लाकडी खिळे यंत्राने कापले जात होते. शिशाचे मोठे अक्षर जड आणि महाग पडे, लाकडाचे हलके आणि स्वस्त. तिथे ‘फ्रेंच क्लॅरेंडन’ निघाले: दांडे सडपातळ, वरखालचे सेरिफ अवाढव्य. सर्कशीच्या भित्तिपत्रकांवरचे अक्षर ते हेच.

मधल्या काळात मागणी ओसरली. 1953 मध्ये एका स्विस फाउंड्रीने क्लॅरेंडन नव्याने रेखले, 1955 मध्ये अमेरिकेतही एक आवृत्ती निघाली, आणि दुकानांच्या पाट्यांपासून मासिकांच्या मथळ्यांपर्यंत ते पुन्हा दिसू लागले. आज या नावाने वापरात असलेले रूप बव्हंशी या पुनरुज्जीवनातून आले आहे, 1845 च्या अरुंद मूळ रूपातून नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतल्या रस्त्यांवरच्या पाट्याही अनेक वर्षे क्लॅरेंडनमध्येच होत्या. रुंद अक्षरामुळे पाटी मोठी करावी लागे, म्हणून 2000 च्या सुमारास त्यांच्यासाठी कमी जागेत मावणारे आणि चालत्या गाडीतून वाचता येणारे वेगळे अक्षर बेतले गेले.