मायची किमो आणि कापसाचं बोंड

"गाठ तं काढली, मंग म्हाताऱ्या जीवाले कायले तरास देता?" यवतमाळकडच्या एखाद्या गावात कॅन्सरचं ऑपरेशन झालेली माय घरी आली आणि डॉक्टरांनी पुढे किमो, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं, सांगितली, की भेटायला येणारे हेच विचारतात. प्रश्न मायेपोटी आलेला असतो, म्हणून त्याचं नीट उत्तर द्यायला हवं.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर घेऊ. रिपोर्टमध्ये आजूबाजूच्या लसिकाग्रंथींतही (लिम्फ नोड्स) कॅन्सर सापडला, तर तो तिसरा टप्पा. अशा वेळी काही पेशी आधीच निसटून दूर जाऊन बसलेल्या असू शकतात. त्या स्कॅनवर दिसत नाहीत. किमो असते ती त्यांच्यासाठी. ढोबळमानाने अशा 100 जणांपैकी 50 निव्वळ ऑपरेशनने बरे होतात, किमोमुळे आणखी 15-20 वाचतात, उरलेल्यांचा आजार किमो घेऊनही परततो. आपली माय यांतल्या कोणत्या गटातली, ते आधी सांगता येत नाही.

मग वयाचं काय? 2001 साली सात औषध-चाचण्यांमधल्या 3,351 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. फाइव्ह-एफयू या किमोच्या जुन्या औषधाचा फायदा सत्तरीपुढच्यांनाही तरुणांइतकाच झालेला दिसला. अर्थात चाचणीत घेतलेले म्हातारे मुळात काटक होते, हे विसरू नये. हेच औषध आता कॅपेसिटाबीनच्या गोळ्यांतूनही मिळतं.

त्याच्या जोडीला बऱ्याचदा ऑक्झालिप्लॅटिन हे दुसरं औषध देतात. सत्तरीनंतर या जोडीचा वाढीव फायदा फारसा दिसलेला नाही, आणि ते बोटांच्या नसांना इजा करतं. माठातलं गार पाणी घशाला टोचतं, हातापायांना मुंग्या येतात, कधी बधिरपणा कायमचा राहतो. जिने जन्मभर बोंडातून कापूस वेचला, तिच्या बोटांची जाण जाणं ही लहान गोष्ट नाही. माझ्या मते डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारावा: एकाच औषधावर भागेल का?

जन्मतारखेपेक्षा तिचं रोजचं जगणं जास्त सांगतं. विहिरीपर्यंत चालते का, वर्षभरात पडली का, वजन उतरलं का. मूत्रपिंडांचं काम तर बघावंच. कृश म्हातारीत स्नायूच कमी, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठीची रक्ततपासणी) 'नॉर्मल' येतं आणि फसवतं. वय-वजन धरून हिशेब करायला लावा. कॅपेसिटाबीनचा डोस त्यावरच ठरतो.

दवाखाना किती दूर, हेही औषधाइतकंच मोजावं. किमोत ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर रात्रीच निघावं लागतं. मे महिन्याच्या उन्हाळ्यात जुलाब लागले तर म्हातारं शरीर झपाट्याने कोमेजतं. त्यामुळे गाडी कोणाची आणि सोबत कोण, हे आधीच ठरवा. विचाराला वेळ असतो, पण बेताचा: किमो साधारण ऑपरेशननंतर आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी.

ही सगळी चर्चा बहुतेक घरांत ओसरीवर होते आणि माय आत झोपलेली असते. तिला उठवून बसवा, हे आकडे तिच्या भाषेत सांगा. "मले दोन डोस घेऊन पाहू द्या, नाई झेपलं तं सोडीन," असं ती म्हणू शकते. तसं करता येतं. डोस कमी करता येतो, मध्येच थांबताही येतं.