मोझॅक लादी: फोडायची, झाकायची की घासायची? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मुंबई, ठाणे, पुणे इथल्या १९५० ते १९९० या काळातल्या सोसायट्यांमध्ये फ्लॅटचं नूतनीकरण निघालं, की घरात पहिला खरा वाद जमिनीवरून होतो. भिंतींचा रंग पुन्हा बदलता येतो, पडदे बदलता येतात. पायाखालची मोझॅक लादी फोडायची, तिच्यावरच नवी टाइल चढवायची की घासून पॉलिश करून घ्यायची, हा निर्णय मात्र एकदा झाला की पंचवीस-तीस वर्षं मोडत नाही. तो घेताना बहुतेक जण दुकानातल्या टाइलचा नमुना पाहतात. खरं उत्तर जुन्या लादीच्या पोटात असतं, आणि पोटात काय आहे ते घर कोणत्या दशकातलं आहे यावर ठरतं.

सारवलेल्या भुईचा काळ इथे सोडून देऊ. शहाबादी फरशीला मुंबई-पुण्याची वाट मोकळी झाली ती रेल्वेमुळे: मुंबई-मद्रास मार्ग १८७१ साली रायचूरला जोडला गेला आणि त्याच मार्गावर शहाबादच्या चुनखडी दगडाच्या खाणी होत्या. चाळी, वाडे, शाळा, कचेऱ्या यांनी ती फरशी घेतली. त्याच सुमारास मुंबईतल्या मोठ्या सार्वजनिक इमारतींसाठी इंग्लंडहून भट्टीत भाजलेल्या नक्षीच्या टाइल्स बोटीने येत होत्या. सामान्य घरापर्यंत नक्षी पोचली १९२०च्या दशकात, स्वदेशीच्या लाटेत मुंबईत सिमेंटच्या रंगीत लाद्या बनू लागल्या तेव्हा. ही लादी भाजत नाहीत. धातूच्या साच्यात नक्षीचे कप्पे ठेवायचे, त्यांत पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचा घोळ ओतायचा, कप्पे अलगद उचलायचे, वर कोरडं सिमेंट व मग जाड वाळू-सिमेंटचा थर भरून दाबयंत्राखाली दाबायचं आणि नंतर लादी पाण्यात मुरवायची. आकार बहुधा ८ इंच बाय ८ इंच. जाडी जवळपास २० मिमी, पण त्यातला रंगीत थर जेमतेम काही मिलिमीटर. हा तपशील पुढे फार महाग पडतो, म्हणून आधीच सांगून ठेवला.

१९३०च्या दशकात मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या परिसरात आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या जिन्यांत आणि पॅसेजमध्ये जागेवरच ओतलेलं टेराझो (संगमरवराचे खडे सिमेंटमध्ये घालून घासलेली जमीन) दिसतं, पितळी किंवा काचेच्या पट्ट्यांनी चौकटींत विभागलेलं. पट्ट्या शोभेसाठी वाटतात, पण त्यांचं काम तडे रोखण्याचं आहे. सिमेंट आटताना ओढ बसते आणि तडा पट्टीच्या रेषेत जिरतो. म्हणूनच अशा कामात एक चौकट २ चौरस मीटरपेक्षा मोठी ठेवत नाहीत. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या घरांतला लाल कोबा याच कारणाने रेघा मारून विभागलेला असतो.

१९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने या जमिनी अनपेक्षितपणे जपल्या. भाडं गोठलं. मालकाला खर्च परवडेना, आणि जागा आपली नाही म्हणून भाडेकरूही हात लावीना. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत नक्षीच्या लाद्या शाबूत राहिल्या त्या मुख्यतः या कोंडीमुळे.

मालकीच्या फ्लॅटचं युग आलं आणि त्याबरोबर मोझॅक आली. राज्यात सहकारी संस्थांचा कायदा १९६०चा, मालकी सदनिकांचा १९६३चा. मोझॅक लादीचं भारतीय मानक त्याआधी, १९५९ साली, तयार झालं होतं. ठरलेली मापं तीन: २०० मिमीची २० मिमी जाड, २५० मिमीची २२ मिमी जाड आणि ३०० मिमीची २५ मिमी जाड. वर ५-६ मिमीचा खड्यांचा थर (संगमरवराची चिप आणि सिमेंट), खाली साधं वाळू-सिमेंट. लादी साइटवर खरखरीतच यायची, मसाल्यावर (वाळूत सिमेंट किंवा चुना कालवलेल्या गाऱ्यावर) बसवली जायची आणि निदान आठवडा-दोन आठवडे मुरल्यावर जागेवर यंत्राने घासली जायची. म्हणजे मोझॅक ही मुळातच घासण्यासाठी बनवलेली वस्तू आहे. आज तिच्याबद्दलचा अर्धा गैरसमज हा मुद्दा विसरल्याने होतो.

सिमेंट तेव्हा सहज मिळत नव्हतं. १९८२ साली नियंत्रण अंशतः उठलं, १९८९ साली पूर्ण. त्यामुळे त्याआधीच्या बऱ्याच इमारतींत लादीखालचा मसाला कमी सिमेंटचा किंवा चुन्याचा सापडतो, तर १९९०नंतरच्या कामांत सिमेंट भरपूर असतं. फोडायची वेळ आली की हा फरक लगेच कळतो. चुन्याच्या किंवा भुसभुशीत मसाल्यावरची लादी छिन्नीने अख्खी निघते. सिमेंटमध्ये घट्ट बसलेली तुकड्या-तुकड्यांनी निघते, ब्रेकर (विजेचा फोडणी हातोडा) मागते आणि स्लॅब हादरवते.

मग व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल, आली. २०००च्या दशकात गुजरातेतल्या मोरबीहून २ फूट बाय २ फुटांची, चकचकीत, फिकट क्रीम रंगाची टाइल इतक्या प्रमाणात आली की दहा वर्षांत मोझॅक जुनाट ठरली. मोझॅकच्या काळात निदान काळी बॉर्डर, बुद्धिबळाचा पट, हिरव्या-पिवळ्या चिपची शेड असे काही निर्णय घरमालकाचे असायचे. क्रीम टाइलने कुलाब्यापासून कल्याणपर्यंतची दिवाणखोली एकसारखी केली. टाइल म्हणून ती उत्तम आहे, डाग धरत नाही, पाणी पीत नाही. पण घराला स्वतःचा चेहरा देण्याच्या बाबतीत आपण त्या दहा वर्षांत जितकं गमावलं तितकं आधीच्या पन्नास वर्षांत गमावलं नव्हतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वाद नेमका कशावर आहे

तीन पर्याय, तीन बाजू. आधी वजन पाहू, कारण सोसायटीच्या सभेत सर्वांत जास्त गोंधळ त्यावरच होतो.

२२ मिमी मोझॅक आणि तिच्याखालचा सुमारे ४० मिमी मसाला मिळून दर चौरस मीटरला १२० ते १४० किलो भरतात. ५०० चौरस फूट म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. एवढ्या जमिनीचं ओझं ६ टनांच्या आसपास. आता ९ मिमी व्हिट्रिफाइड टाइल अॅडेसिव्हने जुन्या लादीवरच चिकटवली, तर २५ ते ३० किलो प्रति चौरस मीटर वाढतात, म्हणजे एकूण दीड टनाच्या आत. पण तीच टाइल २५ मिमी मसाल्यावर, जुन्या पद्धतीने, वर बसवली तर ७०-७५ किलो वाढतात. एकूण साडेतीन टनांपर्यंत. राहत्या घराचा स्लॅब वापराच्या भारासाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून आखलेला असतो. माणसं, कपाटं, पलंग, पुस्तकं सगळं त्यातच. त्याचा तिसरा हिस्सा मसाल्याने खाणं चाळीस वर्षांच्या इमारतीला परवडत नाही. ‘टाइलवर टाइल नको’ म्हणणारे आणि ‘काही होत नाही’ म्हणणारे बऱ्याचदा दोन वेगळ्या पद्धतींबद्दल बोलत असतात. अॅडेसिव्हने चिकटवणं आणि मसाल्यावर चढवणं हे वजनाच्या हिशेबात एकमेकांपासून फार दूर आहेत. परवानगीच्या अर्जात पद्धत आणि जाडी लिहूनच द्यावी.

फोडल्याने वजन कमी होतं, हाही समज टिकत नाही. उंबरठे, दारं आणि बाथरूमची पातळी जुनी ठेवायची तर ६० मिमीचा तोच खड्डा पुन्हा भरावा लागतो. नवी टाइल पातळ, म्हणून मसाला जाड. ओझं होतं तिथेच येतं. वर ६ टन डेब्रिज, म्हणजे राडारोडा, गोण्यांत भरून जिन्याने उतरवायचं, आणि बांधकाम-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते नेमून दिलेल्या जागीच पोचवायचं. फोडताना सर्वांत नाजूक जागा बाथरूमच्या चौकटीची. तिथल्या विटांच्या कोब्याचं (विटांचे तुकडे आणि सिमेंट यांच्या थराचं) वॉटरप्रूफिंग ब्रेकरच्या हादऱ्याने चिरतं आणि गळती काही महिन्यांनी खालच्या घरात उतरते. मग कारण कुणाला आठवत नाही, भांडण मात्र सुरू होतं. चौकटीपासून फूटभर अंतरात ब्रेकर बंद आणि हातछिन्नी सुरू, असं मिस्त्रीकडून आधीच कबूल करून घ्यावं. गंजलेल्या सळ्यांच्या इमारतीत खालच्या घराच्या छताचं प्लास्टर पडू शकतं. काम सुरू होण्याआधी त्या छताचे फोटो दोघांनी मिळून काढावेत.

चढवायचं ठरलं तर यश तयारीवर अवलंबून असतं. प्रत्येक जुनी लादी लाकडी मुठीने ठोकून पाहायची. पोकळ वाजेल ती काढून जागा भरून घ्यायची. वर्षानुवर्षांचं मेण आणि तेल घासून काढायचं, पृष्ठभाग ग्राइंडरने खरबरीत करायचा. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषते, म्हणून साध्या सिमेंटच्या घोळाला ती धरत नाही. जुन्या पॉलिशवर नवी टाइल घोळाने बसवली की ती वर्षा-दोन वर्षांत पोकळ वाजू लागते. पाकिटावर ‘टाइलवर टाइल’ असा वापर स्पष्ट लिहिलेलं अॅडेसिव्हच घ्यावं, दातेरी थापीने पसरावं. ३ मिमी थर धरला तर २० किलोची पिशवी ४५ ते ५० चौरस फुटांना पुरते. ढीग मारून मधे टाइल टेकवण्याची सवय मिस्त्रीला असेल तर ती तिथेच थांबवावी, कारण कोपरे पोकळ राहतात आणि कपाटाचा पाय नेमका कोपऱ्यावर येतो. दोन टाइल्समध्ये निदान २ मिमीचा स्पेसर हवा आणि भिंतीकडेने ८-१० मिमी फट हवी. ती स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली) झाकली जाते. ही फट न ठेवल्यानेच हिवाळ्यात किंवा कडक उन्हाळ्यात दिवाणखोलीच्या मधोमध टाइल्स एकाएकी तंबूसारख्या उचलल्या जातात.

पातळी १२ ते १५ मिमीने वर येते, याचा हिशेब फार थोडे करतात. सगळी दारं खालून कापावी लागतात, आणि फ्लश दार जास्त कापलं तर तळाची पट्टी जाऊन आतला भुसा उघडा पडतो. ओट्याची उंची तेवढीच कमी होते. मुख्य दारात एक बारीक पायरी तयार होते. घरात वयस्कर माणूस असेल तर तिथे उतरती पट्टी लावायलाच हवी. बाथरूमच्या आतही टाइल चढवायची असेल तर उंबऱ्याची उंची आधी मोजा. आतली जमीन हॉलच्या बरोबरीला आली तर पाणी हॉलमध्ये येणारच.

घासणं, आणि ते कुठे अंगाशी येतं

तिसरा पर्याय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी विचारला जाणारा. आधी वरचा थर किती उरला ते पाहावं. ओट्याखाली, पाइपच्या भोवती किंवा पोटमाळ्याखालच्या कोपऱ्यात लादीची कापलेली कड दिसते. खडे असलेला भाग ३ मिमीहून जास्त असेल तर काम करता येतं. खड्यांखालचं करडं वाळू-सिमेंट उघडं पडलं की ती लादी संपली. तुटलेल्या लाद्यांसाठी जोड बाजारात शोधू नये, शेड जुळत नाही. कायमच्या कपाटाखालून त्याच जुन्या लाद्या काढून दिसणाऱ्या जागी बसवाव्यात आणि कपाटाखाली काहीही घालावं.

घासाई पाण्यात करायची: आधी ६० नंबरचा दगड, मग १२०, मग ३२० किंवा ४०० (नंबर मोठा तितका दगड बारीक). प्रत्येक नंबरनंतर सांधे आणि बारीक भोकं त्याच शेडच्या सिमेंटने भरून सुकू द्यायची. शेवटी ऑक्झॅलिक अॅसिडची भुकटी घालून चमक काढायची. एखादा नंबर गाळला तर ओरखडे राहतात आणि ते संध्याकाळच्या तिरप्या उजेडात दिसतात, ठेकेदार पैसे घेऊन गेल्यावर. घासलेला गाळ नहाणी ट्रॅपमध्ये अजिबात सोडू नये. तो आत घट्ट बसतो. पॉलिशनंतर मेणापेक्षा आत मुरणारा सीलर बरा, कारण मेणाने जमीन निसरडी होते. पुढे संडास साफ करायचं अॅसिड या जमिनीवर पडता कामा नये: संगमरवर आणि सिमेंट दोन्ही त्यात विरघळतात आणि चमक कायमची जाते.

१९२०-४०च्या नक्षीच्या सिमेंट लादीला मात्र हे यंत्र लावू नये. तिचा रंगीत थर पातळ आहे, त्यात खडे नाहीत, आणि पॉलिशवाल्याने तिला मोझॅक समजून ६० नंबरचा दगड फिरवला की वेलबुट्टी एका दुपारीत फिकी पडते. मऊ साबण, नायलॉनचा ब्रश, साधं पाणी आणि पूर्ण सुकल्यावर सीलर, एवढंच तिला पुरतं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत नक्षीची सिमेंट लादी आणि टेराझो दोन्ही पुन्हा महाग दुकानांत आली आहेत, आणि मोझॅकची छपाई केलेली व्हिट्रिफाइड टाइलही मिळते. नेमक्या याच वर्षांत पुनर्विकासात मूळ लाद्या डेब्रिजमध्ये जात आहेत. इमारत पाडण्याआधी त्या काढून घ्यायच्या असतील तर भिंतीलगतची एक ओळ फोडून वाया घालवावी लागते. मग चपटी छिन्नी मसाल्यात आडवी सारून पुढची लादी खालून उचलायची. पाठीवरचा चुना रात्रभर पाण्यात भिजवून खरवडता येतो. सिमेंट असेल तर हट्ट सोडावा. नव्या घरात त्या देवघरासमोर किंवा बाल्कनीत पट्टा म्हणून बसवताना शेजारची टाइल ९ मिमीची आणि ही २० मिमीची असते, त्यामुळे पट्ट्याखालचा मसाला ११ मिमी खाली धरावा लागतो. बिल्डरची फरशी पडण्याआधीच त्याच्या साइट इंजिनिअरला हे माप लेखी द्यावं.