रविवारची मॅच: सुट्टी, मॅट आणि मुरूम

लीगच्या खालच्या डिव्हिजनमधली असो की दोन हौशी टीमनी आपसांत घेतलेली, नागपुरातली रविवारची मॅच बहुतेक एकाच साच्याची असते. सकाळी आठला टॉस, 30-30 ओव्हर, मैदानाच्या मधोमध ताणलेली काथ्याची मॅट, बॅटिंग करणाऱ्या टीमचेच दोघे पंच आणि दुपारी दीड-दोनच्या आत किटबॅग ऑटोत. हा साचा कुणी बैठक घेऊन ठरवलेला नाही. सुट्टी कधी मिळते, माती कशी आहे आणि ऊन किती वाजता चढतं, या गोष्टींनी तो हळूहळू घडवला.

कामठीची छावणी 1821 ची. हिस्लॉप कॉलेज 1883 चं, मॉरिस कॉलेज 1885 चं. इंग्रजी अमलातल्या इतर शहरांप्रमाणे इथेही सुरुवातीचं क्रिकेट छावणी, कॉलेज आणि वकील-अंमलदारांच्या वर्तुळातलं होतं. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू नागपुरातच 1895 मध्ये जन्मले. रणजी करंडकाच्या पहिल्याच हंगामात, 1934-35 ला, मध्य प्रांत-वऱ्हाडची टीम होती, आणि 1957-58 पासून विदर्भ वेगळा खेळू लागला. ही झाली वरची गोष्ट. कामावर जाणाऱ्या माणसाला मात्र खेळायला दिवस मिळणं हीच पहिली अडचण होती. नागपूरची एम्प्रेस ही कापड मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, पण कामगारांना आठवड्याची सुट्टी कायद्याने मिळाली ती 1891 च्या फॅक्टरी कायद्याने. रविवार हा मॅचचा दिवस झाला तो इथून.

पुढे शनिवार मिळाला, तोही तुकड्यातुकड्यांनी. केंद्र सरकारच्या कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा 1985 मध्ये आला. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार 1 सप्टेंबर 2015 पासून सुट्टीचा झाला. राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 पासून लागू झाला. एकाच टीममध्ये बँकेतला ओपनर, झेडपीतला कीपर आणि औषध दुकानातला बॉलर असेल, तर शनिवारी अकरा जण का जमत नाहीत याचं उत्तर या तारखांमध्ये आहे. दुकानदाराला शनिवार नाहीच. त्यामुळे शनिवार सरावाला आणि रविवार मॅचला, ही वाटणी अजून टिकून आहे.

नागपूरचा आणखी एक खास अडथळा डिसेंबरातला. 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होतं. त्या दिवसांत पोलीस, सार्वजनिक बांधकाम, महसूल या खात्यांतल्या खेळाडूंची रजा बंद असते आणि रविवारचाही भरवसा नसतो. त्यातच लग्नसराई आणि स्पर्धा परीक्षांची ड्यूटी. म्हणून अकरा मैदानात उतरवायचे असतील तर यादीत किमान सतरा-अठरा नावं लागतात. शुक्रवारी रात्री चौदा जणांचा होकार आला, तर रविवारी सकाळी अकरा दिसतात.

आता माती. विदर्भाची काळी माती पाणी पिते तेव्हा फुगते, वाळते तेव्हा आकसून भेगाळते. टर्फ विकेटसाठी, म्हणजे गवत-मातीच्या पक्क्या पट्टीसाठी, चिकणमाती लागतेच, पण तिला हंगामभर ठरलेलं पाणी, जड रोलर, कापलेलं गवत आणि रोज राबणारा माळी लागतो. सिव्हिल लाइन्सच्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या (व्हीसीए) मैदानावर हे सगळं होतं, म्हणून तिथे 1969 मध्ये भारत-न्यूझीलंड कसोटी खेळली गेली. शाळा-कॉलेजांच्या आणि वस्तीतल्या मैदानांना ते कधीच परवडलं नाही. तिथे काळ्या मातीवर मुरमाचा थर टाकायचा, पाणी मारून दाबायचा आणि वर मॅट अंथरायची, हाच स्वस्त मार्ग होता. मॅटला कमी दर्जाची समजू नये. कसोटी सामनेसुद्धा मॅटवर होत असत. शेवटचा कराचीत, 1959 मध्ये, पाकिस्तान आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात झाला.

मॅट नीट लावणं हे अर्धं कौशल्य आहे आणि खालच्या लीगमध्ये सगळ्यात जास्त हलगर्जी इथेच होते. शनिवारी संध्याकाळी पट्टी झाडून खडे वेचायचे, पाणी मारायचं, ते मुरलं की रोलर फिरवायचा आणि रात्रभर तसंच सोडायचं. पाणी सकाळी मारलं आणि लगेच मॅट टाकली, तर खाली टाचांचे आणि बॉलचे खळगे पडतात. पहिल्या दहा ओव्हरमध्ये काही कळत नाही. नंतर एक बॉल छातीवर आणि पुढचा घोट्यावर येऊ लागतो. स्टंपची भोकं आदल्या दिवशीच सब्बलीने पाडून त्यांत पाणी ओतून ठेवावं, नाहीतर सुक्या मुरमात ठोकताना स्टंपच फुटतात.

मॅट अंथरली की आधी एका टोकाला खिळे, मग दुसऱ्या टोकाने चार-पाच जणांनी ओढून धरायची, मग बाजू. खिळे सहा इंची, दर दोन-अडीच फुटांवर, डोकं आतल्या बाजूला कललेलं नको. टोक मॅटच्या दिशेने आणि डोकं किंचित बाहेर राहील असा तंबूच्या खुंटीसारखा तिरपा ठोका हवा, म्हणजे ताण आला की खिळा उपटत नाही. डोकं मॅटच्या वर राहता कामा नये. बॉल खिळ्यावर पडला की कुठेही जातो आणि त्यावर वाद मिटत नाही. दवाने ओली झालेली मॅट ताणली तर दहाच्या उन्हात वाळून ढिली पडते, म्हणून दोन इनिंगच्या मधल्या वीस मिनिटांत सगळे खिळे पुन्हा ठोकून घ्यायचे. ताठ मॅटवर बॉल उंच आणि वेगाने येतो. ढिल्या मॅटवर तो पकड घेतो आणि वळतो. पूर्वीच्या काळी यजमान टीम आपल्या बॉलरना पाहून मॅट किती ताणायची ते ठरवायची, असं सांगितलं जातं ते यामुळेच. आजही पाहुण्या टीमच्या कॅप्टनने टॉसआधी मॅटच्या मध्यावर बोटांनी चिमटा काढून पाहावा. दुमड हातात आली तर ती ढिली आहे.

मापाचाही एक मुद्दा आहे, जो नव्या टीमना ठाऊक नसतो. पिच 22 यार्डांची, म्हणजे 66 फूट. दोन्ही बाजूंची पॉपिंग क्रीज, म्हणजे बॅट्समनची पुढची रेषा, स्टंपपासून 4 फूट पुढे. नियमाप्रमाणे कृत्रिम पट्टी किमान 58 फूट लांब आणि 6 फूट रुंद हवी. 66 मधून दोन्हीकडचे 4-4 फूट वजा केले की 58 च उरतात. म्हणजे किमान लांबीची मॅट क्रीजपासून क्रीजपर्यंतच येते आणि बॅट्समनचा मागचा व बॉलरचा पुढचा पाय मातीवर पडतो. तिथे दहा ओव्हरमध्ये खड्डा होतो. तो ओल्या मुरमाने भरून ठोकायला एक धुम्मस आणि अर्धी बादली मुरूम बाजूला ठेवलेला असावा. हा खड्डा न भरल्याने घोटा मुरगळलेले मीडियम पेसर प्रत्येक हंगामात दिसतात. मॅटवर लोखंडी खिळ्यांचे बूट चालत नाहीत, ते काथ्या उसवतात. रबरी तळव्याचे घ्यावेत.

या मॅटने इथल्या खेळाचा पोतही ठरवला. उसळी एकसारखी आणि उंच, म्हणून मॅटवर वाढलेला बॅट्समन कट आणि पुल उत्तम मारतो, बॅकफूटवर राहतो. त्याला डिसेंबरातल्या सकाळी टर्फवर उभं केलं की तोच बॅकफूट त्याचा घात करतो: बॉल अपेक्षेपेक्षा खाली राहतो आणि तो बोल्ड किंवा एलबीडब्ल्यू होतो. व्हीसीएच्या लीगमध्ये वरच्या पातळीची गुजदर लीग आहे, आणि खालून वर चढू पाहणाऱ्या टीमना हा बदल पहिल्या दोन-तीन मॅचमध्ये महागात पडतो. उपाय सरळ आहे. सरावात टर्फ मिळत नसेल तर निदान जुना, मऊ पडलेला बॉल घेऊन गुडघ्याखालच्या उसळीवर पुढे येऊन खेळायची सवय लावावी. बॉलचा खर्चही मॅटमुळे वाढतो. काथ्या लाखेचा थर खरवडून काढतो, वीसेक ओव्हरमध्ये बॉलची चमक पूर्ण जाते, आणि स्वस्त टू-पीस (चामड्याच्या दोन तुकड्यांचा) बॉल त्याआधीच अंडाकृती होतो. 30 ओव्हरच्या मॅचला फोर-पीसच घ्यावा. दोन्ही टीमनी एक-एक नवा बॉल आणायचा, हा रिवाज त्यातूनच पडला.

मुरमाच्या मैदानांचा दुसरा वारसा टेनिस बॉल. 1983 च्या विश्वचषकानंतर क्रिकेट गल्लीगल्लीत शिरलं आणि पॅड-ग्लोव्हज न लागणारा हा बॉलच बहुतेकांचा पहिला बॉल ठरला. उन्हाळ्यात लाइट लावून होणाऱ्या रात्रीच्या स्पर्धा, सहा-आठ ओव्हरच्या मॅच, ही नागपूर आणि आसपासच्या कोळसा खाणींच्या वसाहतींची ओळख झाली. उमेश यादव याच पट्ट्यातला. विशीच्या जवळ येईपर्यंत तो टेनिस बॉलच टाकत होता, आणि 2011 मध्ये विदर्भाच्या टीममधून भारताकडून कसोटी खेळलेला पहिला खेळाडू ठरला. वेग टेनिस बॉलने घडू शकतो, याचा याहून चांगला दाखला नाही. पण रविवारच्या टीममध्ये टेनिसकडून लेदरकडे येणाऱ्याला इतर गोष्टी नव्याने शिकाव्याच लागतात. टेनिस बॉलचं वजन 56 ते 59 ग्रॅमच्या आसपास, लेदरचं 156 ते 163. जवळपास पावणेतीन पट. टेनिसचा कॅच हातातून उसळू नये म्हणून माणूस त्यावर झडप घालतो. तीच झडप लेदरच्या बॉलवर घातली की बोटाचं टोक बॉलवर आदळतं आणि सांधा सुजतो. हात बॉलबरोबर मागे न्यायला शिकवण्यात दोन-तीन आठवडे गेले तरी ते करावं. आडव्या बॅटने लेगला ओढण्याची सवयही तशीच. लेदरच्या बॉलला सीम, म्हणजे शिवण, असते; त्यामुळे तो टप्प्यानंतर हलतो.

लेदर आलं की किट आली, आणि इथे पैशाचा प्रश्न. वर्गणीतून चालणाऱ्या टीमकडे किट एकच असते. पॅडच्या किमान तीन जोड्या हव्यातच: दोन क्रीजवरच्यांना, एक पुढे जाणाऱ्याला. दोनच जोड्यांवर भागवणाऱ्या टीममध्ये विकेट पडल्यावर आउट झालेल्याच्या पायातले पॅड सोडवून पुढच्याला बांधायचे असतात, आणि नियमात नव्या बॅट्समनला तीन मिनिटं आहेत. हेल्मेट दोन, त्यांतलं एक मोठ्या मापाचं. डावखुऱ्यासाठी एक वेगळं थाय पॅड. ॲबडॉमिनल गार्ड मात्र ज्याचं त्याने आणावं.

वेळेचा हिशोब हंगामाने ठरवला. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस, आणि काळी माती त्यानंतरही काही आठवडे ओल धरून राहते. एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या आसपास. उरतो तो दसरा ते होळी एवढाच काळ. त्यातही दसऱ्याला मोठी मैदानं मोकळी नसतात: रेशीमबागेत राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा उत्सव, कस्तुरचंद पार्कवर रावणदहन, मग प्रदर्शनं आणि सभा. मंडप उठल्यावर बांबूंचे खड्डे राहतात आणि ते गवताखाली दिसत नाहीत. मोठा कार्यक्रम झालेल्या मैदानावर खेळायचं असेल, तर मॅचआधी सगळ्या फिल्डरनी हातभर अंतराने रांगेत चालून खड्डे शोधून भरावेत. अर्धा तास जातो, पण गुडघा वाचतो.

थंडीत नागपूरला सूर्य पावणेसातच्या सुमारास वर येतो. सातला खेळता येईल असं वाटतं, पण मॅट आणि गवत दवाने ओलं असतं, बॉल पाणी पिऊन जड होतो आणि शिवण फुगते. म्हणून आठ. ओव्हरला सव्वाचार मिनिटं धरली तर 60 ओव्हरला सव्वाचार तास, अधिक वीस मिनिटांची विश्रांती. खालच्या लीगमध्ये वाइड आणि झुडपात हरवलेला बॉल धरून ओव्हरला पाच मिनिटं लागतात, म्हणजे पाच तास वीस मिनिटं, आणि घड्याळात जवळपास दीड वाजतो. 40 ओव्हरची मॅच ठेवली की तीन-साडेतीन वाजतात, जेवणाची सोय करावी लागते, मैदानाचं दिवसभराचं भाडं पडतं आणि संध्याकाळी घरचं काम असलेले तीन जण नाही म्हणतात. 30 हा आकडा इथून आला.

पंचांचा प्रश्न सगळ्यात अवघड. तटस्थ पंच दोन असले की मानधन टीमच्या वर्गणीवर येतं, म्हणून बॅटिंग टीमचेच दोघे उभे राहतात. आपल्याच माणसाला बोट वर करणं कुणालाही जड जातं. त्यामुळे कित्येक दोस्ती मॅचमध्ये एलबीडब्ल्यूच नसतो, आणि त्याची किंमत बॉलर मोजतो: बॅट्समन स्टंपसमोर पॅड आडवा घालून खेळायला शिकतो आणि लीगमध्ये पहिल्याच अपिलाला बाद होतो. ज्या टीमना पुढे लीग खेळायची आहे त्यांनी एक तरी तटस्थ पंच घ्यावा आणि तो दोन्ही इनिंगमध्ये बॉलरच्या टोकालाच, दर ओव्हरला टोक बदलत, उभा राहील असं ठरवून घ्यावं. स्क्वेअर लेगला बॅटिंग टीमचा माणूस चालतो. रनआउट आणि स्टंपिंग तो बघतो, एलबीडब्ल्यूशी त्याचा संबंध येत नाही. अर्धं-अर्धं मानधन दोन्ही टीमनी टॉसच्या आधी एकत्र जमा करावं, कारण हरलेल्या टीमकडून नंतर पैसे मागणं पंचाला फार अवघड जातं.