गरोदरपणातील क्ष-किरण तपासणी

गरोदर बाईच्या आजाराचे वा इजेचे निदान करताना एक्सरे, सीटी स्कॅन यांसारख्या तपासण्यांतून गर्भापर्यंत किती किरण पोचतात आणि त्यांचा काय परिणाम होतो, असा हा विषय आहे. इंदूरच्या मराठी घरांतली जुनी माणसे एक्सरेला ‘फोटो’ म्हणतात. ‘दिवस गेलेत ना, मग फोटो नको’ असे आजी बजावते, तेव्हा सोनोग्राफीही त्या फोटोत धरलेली असते. पण सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते आणि एमआरआय चुंबकीय क्षेत्रावर. दोन्हींत क्ष-किरण नसतात. (एमआरआयमधले गॅडोलिनियमचे इंजेक्शन मात्र गरोदरपणी शक्यतो देत नाहीत.)

गर्भाला मिळणारी मात्रा मिलिग्रेमध्ये मोजतात. शरीरात किती किरण शोषले गेले, त्याचे हे माप. छातीच्या एका एक्सरेत ती ०.०१ मिलिग्रेच्या आत असते, कारण झोत छातीवर असतो आणि गर्भापर्यंत पोचतात ते शरीरात विखुरलेले थोडेसे किरण. जमीन, आकाश आणि अन्न यांतून नऊ महिन्यांत ०.५ ते १ मिलिग्रे तसेही मिळतात. इंदूरच्या काळ्या मातीखाली सह्याद्रीचाच बेसाल्ट आहे. ग्रॅनाइटपेक्षा तो सौम्य, तरी नैसर्गिक प्रारण (किरणोत्सर्ग) इथेही चुकत नाही. दाताचा, हातापायाचा एक्सरे आणि डोक्याचा सीटी यांतली मात्रा नगण्य असते. पोटाच्या एक्सरेत ०.१ ते ३, तर ओटीपोटाच्या सीटीत १० ते ५० मिलिग्रे.

गर्भधारणेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मोठी मात्रा बसली तर गर्भ टिकत नाही, टिकला तर बहुधा निर्दोष वाढतो. ८ ते १५ आठवड्यांत मेंदू सर्वांत नाजूक असतो. हे हिरोशिमा-नागासाकीवर अणुबॉम्ब पडले तेव्हा आईच्या पोटात असलेल्या मुलांवरून कळले. ५० मिलिग्रेच्या आत व्यंग किंवा गर्भपात वाढल्याचे दिसलेले नाही. कर्करोगाचा प्रश्न वेगळा. ब्रिटिश डॉक्टर ॲलिस स्टुअर्ट यांनी १९५० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये गर्भावस्थेतील एक्सरे आणि बालपणीचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. ही जोखीम छोटी, पण शून्य मानत नाहीत, म्हणून विनाकारण तपासणी करायची नाही.

कारण असेल तर मात्र थांबणे घातक. इंदूरमधून जाणाऱ्या एबी रोडवर (आग्रा-मुंबई महामार्गावर) दुचाकीवरून पडलेल्या सहा महिन्यांच्या गरोदर बाईला पोटात रक्तस्राव झाल्याची शंका असेल, तर आधी सोनोग्राफी आणि गरज पडली तर सीटी करायलाच हवा. आई वाचली तरच बाळ वाचेल.

शिशाचा एप्रन पोटावर घालण्याची प्रथा सर्वांच्या ओळखीची आहे. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये ती सरसकट नको असे सांगितले, कारण आतल्या आत विखुरणारे किरण एप्रन अडवत नाही.

खरी चूक खोलीच्या दारात होते. ‘माहवारी कब आई थी?’ असे तंत्रज्ञ सर्वांदेखत विचारतो, शेजारी सासूबाई उभ्या असतात आणि नवी सून खाली बघून ‘ठीक है’ म्हणते. हा प्रश्न बाईला एकटीला बाजूला घेऊनच विचारला पाहिजे.

दिवस गेल्याचे कळण्याआधी तपासणी होऊन गेली, तर घाबरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर ग्रीसमध्ये भीतीपोटी सुमारे २,५०० हवेसे गर्भ पाडले गेल्याचा अंदाज आहे. तिथे पोचलेली मात्रा किरकोळ होती. १०० मिलिग्रेखालची मात्रा गर्भपाताचे कारण ठरत नाही, असे प्रारण संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००० मध्ये स्पष्ट केले. सीटीच्या अहवालात मात्रेचे आकडे असतात. ते घेऊन रेडिओलॉजिस्टकडे जावे. गर्भाला किती पोचले, ते त्यावरून काढता येते.