चेपलेलं दार कोणाची चूक सांगतं?

3 जून 2014. सकाळी साडेसहाच्या सुमारास दिल्लीत पृथ्वीराज रोड आणि तुघलक रोडच्या चौकात एका इंडिकाने मारुती एसएक्स4 ला डाव्या बाजूने धडक दिली. त्या गाडीत मागच्या सीटवर गोपीनाथ मुंडे बसले होते. केंद्रात ग्रामविकास मंत्री म्हणून शपथ घेऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता आणि ते विमानतळाकडे निघाले होते. एम्सच्या ट्रॉमा सेंटरमध्ये नेल्यावर तासाभरातच त्यांना मृत घोषित करण्यात आलं. यकृत फाटून पोटात रक्तस्राव झाला होता, मानेलाही गंभीर मार बसला होता.

त्या दिवशी टीव्हीवर दिसलेली गाडी बऱ्यापैकी धड होती, त्यामुळे परळीपासून पुण्यापर्यंत एकच प्रश्न विचारला जात होता: एवढ्याशा धडकेने माणूस जाईलच कसा? संशय इतका वाढला की तपास सीबीआयकडे गेला. घातपात नाही, अपघातच, असा निष्कर्ष निघाला. दुसरा प्रश्न चौकातला होता. लाल दिवा नेमका कोणाला होता?

मी अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे चालवतो. बाजूने बसलेल्या धडकेच्या प्रत्येक फाइलमध्ये हेच दोन प्रश्न असतात: इजा एवढी मोठी कशी, आणि चूक कोणाची. दोन्ही प्रश्नांना जुना इतिहास आहे. तो माहीत नसल्यामुळे जखमी माणसं आपला दावा स्वतःच्या हाताने कमकुवत करतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे.

आधी दाराचं पाहू. समोरून धडक बसली तर बॉनेट, इंजिन, चेसिस हे सगळं चेपत जातं आणि त्या चेपण्यात धडकेचा जोर जिरतो. बाजूला माणूस आणि समोरची गाडी यांच्यामध्ये असतं वीत-दीड वीत जाडीचं दार, त्यात काच आणि काच खाली-वर करायची यंत्रणा. ताशी 50 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर अंतर कापते. त्या वेगापुढे वीतभर पत्रा म्हणजे काहीच नाही. दार आत येतं आणि थेट बरगड्यांवर, कमरेच्या हाडावर, यकृतावर किंवा प्लीहेवर आदळतं. डोकं खिडकीच्या बाहेर फेकलं जातं, मानेला हिसका बसतो. अशा वेळी बाहेरून रक्ताचा थेंब दिसत नाही आणि आत रक्तस्राव चालू असतो.

गाडी बनवणाऱ्यांना हे उशिरा उमगलं, कायद्याला त्याहून उशिरा. अमेरिकेत दारांच्या मजबुतीचा पहिला नियम 1973 पासून लागू झाला. तोही दारावर हळूहळू दाब देऊन ते किती वाकतं एवढंच पाहणारा. आत माणसाच्या आकाराचा पुतळा बसवून चालता अडथळा गाडीवर आदळवायची चाचणी तिथे 1990 च्या नियमाने आली. व्होल्वोने 1994 मध्ये 850 या गाडीत पहिल्यांदा बाजूची एअरबॅग दिली. युरोपात बाजूच्या धडकेची चाचणी 1998 पासून नव्या मॉडेलांना सक्तीची झाली: 950 किलोचा अडथळा, ताशी 50 किलोमीटर वेग. आपल्याकडे तीच चाचणी नव्या मॉडेलांना 1 ऑक्टोबर 2017 पासून आणि सगळ्या नव्या गाड्यांना 1 ऑक्टोबर 2019 पासून सक्तीची झाली. म्हणजे 2014 च्या त्या सकाळी भारतात विकल्या जाणाऱ्या कुठल्याही मोटारीला बाजूच्या धडकेची परीक्षा द्यायची सक्तीच नव्हती. आजही रस्त्यावर त्या आधीच्या लाखो गाड्या धावत आहेत. कुटुंबाला घेऊन आपण त्यांतच बसतो.

आता चुकीचा प्रश्न. इंग्रजांच्या काळात गाडीने कोणी मेलं तर वारसांना आधार होता 1855 च्या प्राणघातक अपघात कायद्याचा. जखमी माणसाला साध्या दिवाणी कोर्टात दावा लावावा लागे. त्यात कोर्ट फी भरा, साक्षीदार उभे करा, आणि जिंकलात तरी गाडीवाल्याकडे पैसे असतील याची खात्री नाही. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात सक्तीच्या विम्याचं प्रकरण होतं, पण ते अमलात आलं 1 जुलै 1946 ला. तेव्हापासून थर्ड पार्टी विमा. मग 1956 च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची वाट मोकळी झाली, ज्याला आपण कोर्टाच्या आवारात एमएसीटी म्हणतो. जागा बदलली, पण मुख्य अट तशीच राहिली. समोरच्या चालकाची हयगय सिद्ध करायची जबाबदारी जखमीचीच.

या अटीभोवती 1977 साली सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल काही आठवड्यांच्या अंतराने आले आणि दोन्हींचा आपल्या भागाशी संबंध होता. मुंबई उच्च न्यायालयाने एका लॉरी अपघातात मत दिलं होतं की भरपाईसाठी निष्काळजीपणा सिद्ध करायची गरजच नाही. ते मत सर्वोच्च न्यायालयाने खोडून काढलं. निष्काळजीपणा सिद्ध करावाच लागेल, असं ठामपणे सांगितलं. लगेच पुढे आला नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेल्या एका मोटारीचा निकाल. डिसेंबर 1960 मध्ये ती गाडी उजव्या कडेला जाऊन झाडावर आदळली होती. झाड जमिनीपासून नऊ इंचांवर उखडलं होतं, इंजिन जागेवरून एक फूट मागे सरकलं होतं. गाडीतला माणूस गेला. त्याच्या बायकोने सिद्ध काय करायचं, कोणाला साक्षीला बोलवायचं? न्यायालयाने म्हटलं की इथे घटना स्वतःच बोलते आहे. झाड रस्त्याच्या उजव्या कडेला असताना गाडी तिथे का गेली, हे गाडीवाल्याने सांगावं.

हा निकाल मी नव्या वकिलांना आवर्जून वाचायला सांगतो. पण बाजूच्या धडकेला तो जसाच्या तसा लागू होत नाही. झाड चूक करत नाही, ते जागेवर उभं असतं. चौकात दोन्ही गाड्या चालत्या असतात आणि दोन्ही चालक म्हणतात, सिग्नल माझा होता. चेपलेलं दार एवढंच सांगतं की मार कोणाला बसला. चूक कोणाची, ते सांगत नाही. ज्याने धडक दिली त्याचीच चूक, असं आपल्याला मनोमन वाटतं. पण लाल दिवा तोडून मध्ये घुसलेली गाडीही बाजूनेच मार खाते.

तरीही दारातून थोडं वाचता येतं. 1989 च्या वाहतूक नियमावलीत एक नियम होता, 2017 च्या नव्या नियमावलीनेही तो पुढे चालवला: सिग्नल किंवा पोलिस नसलेल्या चौकात, मुख्य रस्ता ठरवलेला नसेल तर, आपल्या उजव्या हाताने येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं. आता हिशोब करा. माझं डावं दार चेपलं असेल तर समोरची गाडी माझ्या डावीकडून आली. तिच्या चालकासाठी मी उजव्या हाताला होतो, म्हणजे थांबायचं त्याने. माझं उजवं दार चेपलं असेल तर थांबायचं मी होतं. शिवाय मार मागच्या दारावर असेल तर गाडी चौक बऱ्यापैकी ओलांडून गेली होती, पुढच्या मडगार्डवर असेल तर नुकती शिरत होती. यावर निकाल लागत नाही, पण उलटतपासणीला धरायला धागा मिळतो.

खरी लढाई असते घटनास्थळाच्या पंचनाम्यावर आणि त्याला जोडलेल्या कच्च्या नकाशावर. काचेचा चुरा कुठे पडला? धडक जिथे झाली त्याच्या आसपासच तो पडतो. टायर घासल्याच्या खुणा कुठून सुरू झाल्या, किती फूट लांब? डांबरावर ऑइल कुठे सांडलं? मी शेकडो पंचनामे वाचले असतील. बहुतेकांत एकच वाक्य असतं: "वाहनाचे डावे बाजूचे दार चेपून काच फुटून नुकसान झालेले दिसते." पुढचं की मागचं, ते नाही. चुरा चौकाच्या मध्यापासून किती अंतरावर, ते नाही. नकाशात उत्तर दिशेचा बाणही नसतो. फिर्यादीत मात्र ठरलेला मजकूर असतो: "आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून." हा मजकूर कोणाविरुद्ध लिहिला जाईल हे बऱ्याचदा आधी ठाण्यात कोण पोहोचलं यावर ठरतं. जखमी माणूस आयसीयूत असतो, धड असलेला चालक फिर्याद देऊन मोकळा होतो.

अशा फिर्यादीने दावा संपत नाही, हेही न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केलं आहे. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की फौजदारी खटल्यात लागणारा पुरावा आणि भरपाईच्या दाव्यात लागणारा पुरावा एक नव्हे. चालक तिकडे सुटला तरी इकडे भरपाई मिळू शकते. 2009 मध्ये आणखी स्पष्ट झालं: काटेकोर पुरावा मागायचा नाही, कोणती बाजू जास्त संभवनीय वाटते ते पाहायचं. 2013 च्या एका निकालाने दुसऱ्या टोकालाही लगाम घातला. अपघातानंतर गाड्या कुठे उभ्या होत्या, एवढ्यावरून मृत चालकाच्या माथी अर्धी चूक मारता येणार नाही, प्रत्यक्ष पुरावा हवा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण दोन गाड्या भिडल्या की निम्मी-निम्मी चूक धरायची सवय खालच्या पातळीवर अजून गेलेली नाही.

सीटबेल्टचा मुद्दा विमा कंपन्या हल्ली हमखास काढतात. मुंडेंच्या अपघातानंतर मागच्या सीटबेल्टची चर्चा झाली. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरमध्ये चारोटीजवळ सायरस मिस्त्री गेले तेव्हा पुन्हा झाली. बेल्ट लावायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण भरपाई कापायची असेल तर नियम मोडला एवढं पुरत नाही. नियम मोडण्याचा आणि अपघाताचा किंवा इजेचा संबंध दाखवावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दुचाकीवर तिघे बसल्याच्या प्रकरणात सांगितलं. दार थेट अंगावर आलं असेल तिथे बेल्टने नेमकं काय वाचलं असतं, हे विमा कंपनीने वैद्यकीय पुराव्याने दाखवायला हवं.

चूक सिद्ध करण्याचं ओझं हलकं करायचे प्रयत्नही झाले. 1982 मध्ये चुकीचा विचार न करता मृत्यूला 15,000 आणि कायमच्या अपंगत्वाला 7,500 रुपये द्यायची तरतूद आली. 1994 मध्ये या रकमा 50,000 आणि 25,000 झाल्या, शिवाय उत्पन्न आणि वयानुसार ठरीव भरपाईचा तक्ता आला. 2019 च्या दुरुस्तीने तो काढून मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरवले, 1 एप्रिल 2022 पासून. चूक सिद्ध करायची गरज नाही. पण मोडलेल्या कमरेवर दोन शस्त्रक्रिया आणि वर्षभराची बुडालेली कमाई धरली तर अडीच लाख कुठे पुरणार? पूर्ण भरपाई हवी तर पुन्हा हयगय सिद्ध करणं आलंच. त्याच दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली आहे आणि तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. त्या आव्हानाच्या भरवशावर मात्र कोणी थांबू नये. दुसरीकडे 2022 च्या नव्या नियमांत पोलिसांनी 48 तासांत पहिला आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा आहे, घटनास्थळाच्या नकाशासकट. हे नीट पाळलं गेलं तर माझ्या फाइली अर्ध्या हलक्या होतील.

आणि मागे बसलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी कायदा सगळ्यात मोकळा आहे, आणि तेच बहुतेकांना माहीत नसतं. दोन चालकांच्या चुकीतून तिसऱ्याला इजा झाली तर ती संयुक्त हयगय. सर्वोच्च न्यायालयाने 2008 आणि 2015 मध्ये स्पष्ट केलं की असा प्रवासी दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई वसूल करू शकतो. दोघांनी आपापसांत वाटा नंतर ठरवावा. चालकाचं तसं नाही. त्याच्या स्वतःच्या चुकीचा वाटा त्याच्या भरपाईतून वजा होतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे भाऊ-बहीण आले होते. भाऊ गाडी चालवत होता, ताई मागे डावीकडे बसलेली. चौकात डावीकडून टेम्पो आला. ताईच्या चार बरगड्या आणि कमरेचं हाड मोडलं, भावाचा खांदा. दोघांच्याही मनात एकच होतं: सिग्नल आपला होता हे सिद्ध झालं नाही तर दोघांनाही काही मिळणार नाही. त्यामुळे ताई दावाच लावायला तयार नव्हत्या. "दादाची चूक निघाली तर?" असं त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. चौकातल्या दुकानाचं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग तोवर पुसलं गेलं होतं. पंचनाम्यात नशिबाने एक ओळ होती: मागचं डावं दार, आणि काचेचा चुरा मध्यरेषेपलीकडे. न्यायाधिकरणाने टेम्पोची चूक 70 टक्के आणि भावाची 30 टक्के धरली. भावाच्या भरपाईतून 30 टक्के वजा झाले. ताईंना पूर्ण रक्कम टेम्पोच्या विमा कंपनीकडून मिळाली.